सात नावं, एक गाल

नोकरीची शेवटची आठ वर्षं मी लोकांचे गाल आतून घासले. लग्नाकार्यात कुणी "ताई, तुम्ही नेमकं काय काम करायच्या?" असं विचारलं की मी हेच उत्तर देते आणि समोरच्याचं तोंड कसं होतं ते बघत बसते. निवृत्त माणसाला तेवढीच करमणूक असते.

कागदावर पद भारदस्त होतं. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका होते आणि शेवटी शेवटी माझ्याकडे स्टेम सेल दात्यांच्या नोंदणीचं काम आलं. आलं म्हणजे बाकी कुणी घेतलं नाही. डॉक्टरांना वेळ नव्हता, परिचारिकांकडे माणसं कमी होती आणि माझ्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि लोकांशी बोलायची वाईट सवय होती.

काम समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. हाडांच्या पोकळीत मऊ गर असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. आपलं रक्त तिथे तयार होतं. काही लहान मुलांना रक्ताचा कर्करोग होतो आणि औषधांनी तो जातो. काहींचा जातो आणि परत येतो. अशा मुलाच्या हाडांतलं बिघडलेलं सगळं औषधांनी जाळून टाकतात आणि निरोगी माणसाच्या पेशी सलाइनसारख्या शिरेतून सोडतात. त्या आपोआप हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त करू लागतात. त्यांना पत्ता कुणी सांगत नाही, तरी जातात. आमच्या कार्यालयातली फाईल सांगूनसुद्धा शेजारच्या खोलीत जात नसे.

अडचण एकच. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. आम्ही त्यातल्या दहा बघायचो, पाच आईकडून आलेल्या, पाच बापाकडून. त्या जुळल्या नाहीत तर पाहुण्या पेशी आणि घरचं शरीर यांच्यात भांडण लागतं, आणि ते भांडण मुलाच्या अंगात होतं. सख्ख्या भावंडांत जुळायची शक्यता चारात एक. आईबापाचं अर्धंच जुळतं. म्हणून जगभर याद्या ठेवलेल्या असतात. निरोगी माणसानं कापसाचा बोळा लावलेल्या काडीनं गाल आतून घासायचा, काडी पाकिटात घालायची, अर्ज भरायचा. कधीकाळी कुठल्या तरी मुलाशी जुळलं तर फोन येतो. तोवर आपण आपल्या घरी.

हे मी गावोगाव सांगत फिरले. लोक फार मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "मनक्यातून काढता का जी?" नाही हो, दंडातून काढतो, पाच दिवस साधी इंजेक्शनं घ्यायची, मग रक्त यंत्रातून फिरवून परत. "पन हाडं पोकळ होत असन ना?" नाही. "मंग बायको-पोराईले काही?" त्यांना काय होणार आहे! एका सत्तर वर्षांच्या आजोबांनी मात्र बाही वर करून सांगितलं होतं, "माया हाडात आता काई रस राह्यला नाई, पन जे असन ते काढून घ्या." वयात बसत नाही म्हटल्यावर ते रागावून निघून गेले. माझ्या आठ वर्षांतला तो सर्वांत पक्का दाता, आणि त्यालाच मी परत पाठवलं.

पक्के नसलेले भरपूर होते. नाव नोंदवताना "मॅडम, लागली तं किडनी बी घ्या" म्हणणाऱ्या एका तरुणाचं जुळलं तेव्हा फोन त्याच्या आईनं उचलला. "त्याचं लगन जमून राह्यलं, आता नोका करू. पोरीवाल्याईले समजलं तं काय म्हनतीन?" लग्नानंतर फोन केला तर बायको बाळंतपणाला टेकलेली. पुढच्या खेपेला नंबरच बदललेला. शिबिरात मिळालेला टी-शर्ट मात्र त्याच्या अंगावर मी आर्वी नाक्यावर पाहिला. पाठीवर लिहिलं होतं, 'मी जीवनदाता'.

पण मला सांगायचंय ते मृणालीचं.

मृणाली आठ वर्षांची, आष्टीच्या पुढच्या एका खेड्यातली. बाप एस.टी.त कंडक्टर, आई तान्ह्या बाळापाशी घरी, म्हणून रुग्णालयात सोबतीला आजी. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन बरं. मुलीचा आजार एकदा जाऊन परत आला होता आणि आता दुसऱ्यांदा ताब्यात होता. आमचे डॉक्टर तरुण होते, कमी बोलत. मला म्हणाले, "मॅडम, हीच वेळ आहे. पुन्हा उलटला तर तिसऱ्यांदा ताब्यात येईल याची खात्री नाही. वडिलांच्या अर्ध्या जुळणीवर करता येतं, पण हिच्या बाबतीत पूर्ण जुळणारा मिळाला तर फार बरं. मी दोन महिने थांबू शकतो." तान्ह्या भावाचं जुळलं नव्हतं, आणि जुळलं असतं तरी ते सहा किलोचं होतं.

आजीला मी सगळं समजावलं.

"कितीक गुन जुळाले पायजे?" आजीनं विचारलं.

"दहापैकी दहा."

"बापा! लग्नाले तं छत्तीसात अठरा चालते." मग जरा जवळ सरकून म्हणाली, "मॅडम, पाहजा तं आपल्यातलाच पाहजा."

"आपल्यातला म्हणजे?"

"म्हंजे चांगल्या घरचा. शेवटी पोरीच्या अंगात जाईन ना ते."

"आजी," मी म्हटलं, "आम्ही दहा खुणा बघतो. अकरावी बघायचं यंत्र अजून आमच्याकडे आलेलं नाही."

आजीनं तोंड मिटून घेतलं आणि नातीची ओढणी नीट केली. डोक्यावर केस नव्हते, म्हणून ती पोर सारखी ओढणी बांधून असे. मला राग आला होता आणि कीवही. नात मरणाच्या दारात आणि आजी दारावरच्या पाटीवरचं आडनाव वाचतेय.

तीन दिवसांनी यादीचा निकाल आला. कुणाकुणाला वर्षभर एकही दाता मिळत नाही, मृणालीला सात मिळाले होते. दहापैकी दहा, आणि सातही आपल्याच जिल्ह्यातले, एकाच शिबिरातले! मी वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडून अख्ख्या विभागाला वाटला. डॉक्टरांनी हातातला तुकडा तसाच ठेवून कागद पुन्हा वाचला.

"मॅडम, ही सात माणसं फक्त दहा खुणांत सारखी नाहीत. मोजता येतं तिथपर्यंत सारखी आहेत. त्या गावात कुणाला सात जुळी झाली होती का?"

माझ्या तोंडातला गोरसपाक तिथेच कोरडा झाला. ते शिबिर मला चांगलं आठवत होतं. त्याहून चांगली आठवत होती तिथली वांग्याची भाजी.

गाव हिंगणीच्या बाजूला, बोर धरणाच्या वाटेवर. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला लग्नाला बोलावतात. एका युवा नेत्याचा वाढदिवस होता आणि त्याचा तिथला कार्यकर्ता गजानन, सगळ्यांचा गजूभाऊ, यानं शाळेत शिबिर ठेवलं होतं. फलक आधीच छापून लागला होता, 'भाऊंच्या वाढदिवशी १०१ जीवनदाते'. शंभरावर एक हवाच, त्याशिवाय आपल्याकडे आहेरसुद्धा होत नाही. दुपारी चारपर्यंत चौऱ्याण्णव झाले. नियम असा की प्रत्येक गाल समन्वयकाच्या डोळ्यांसमोर घासला गेला पाहिजे. समन्वयक म्हणजे मी. सकाळी सहाला घरून निघाले होते, पोटात एक चहा. गजूभाऊ हात जोडून म्हणाला, "मॅडम, पानगे झाले हायेत, वांग्याची भाजी हाय. तुमी जेवून घ्या. राह्यलेले सात आमी करून ठेवतो."

मी जेवायला बसले. ओसरीवर पत्रावळ मांडलेली, गोवऱ्यांवर भाजून तुपात बुडवलेले कणकेचे पानगे, वर ती भाजी. दोनदा घेतली. परत आले तेव्हा सात पाकिटं चिकटवून, अर्ज भरून तयार होते. मी सह्या केल्या. नेत्याचं भाषण झालं, गजूभाऊला चषक मिळाला आणि मी ढेकर देत गाडीत बसले.

पुढे प्रयोगशाळेनं त्या शिबिरातले निम्मे नमुने नापास करून परत पाठवले. बोळे तपकिरी झाले होते. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे दाताखाली नसेल तर माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं. मी तेव्हा हसले होते. तो निकाल नीट वाचला असता तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण ते नंतर.

आता कुणाचा तरी एक गाल सात नावांनी यादीत बसला होता, आणि तो कुणाचा हे शोधायला माझ्याकडे दोन महिने होते. मी सात नावं घेऊन गावात गेले. पहिला पुण्याला कंपनीत, दूरध्वनीवर म्हणाला की त्या वर्षी तो गावात आलाच नव्हता. दुसरा आणि तिसरा घरीच होते, त्यांनी हात झटकले. चौथी लग्न होऊन गेलेली. पाचव्याच्या दारात गेले तर भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो, आणि तो शिबिराच्या दोन वर्षं आधीच गेलेला. सहावाही तसाच. सातव्या नावाचा माणूस गावात कधी नव्हताच. अर्ज मतदार यादी समोर ठेवून भरले होते, सवयीप्रमाणे. मेलेले लोक मतदान करतात हे मी ऐकून होते. गाल घासायलाही येतात हे मला नवीन होतं.

गजूभाऊ आता शाळा समितीचा अध्यक्ष झाला होता आणि पंचायत समितीसाठी त्याची तयारी चालू होती. बैठकीत तो चषक काचेच्या कपाटात. मी सरळ सांगितलं की एक लेकरू आहे, त्याचा जीव अडलाय, मला फक्त माणूस हवाय. कुणाचं लेकरू, कुठलं, हे सांगायला नियमानं बंदी. दाता आणि रोगी यांना एक वर्ष एकमेकांचं नाव कळू द्यायचं नसतं.

"मॅडम, आपलं काम एकदम साफ राह्यते," गजूभाऊ म्हणाला. "कोन्या इरोधकानं सांगतलं तुमाले?"

"तुमच्या कार्यकर्त्यांपैकी कुणाचा गाल आहे, एवढंच सांगा."

"कोन्याच कार्यकर्त्याचा नाई. देवाची आन."

मी त्याचं म्हणणं खोटं धरलं. ते अक्षरशः खरं होतं हे मला पुढे कळलं.

दम देऊन काही होणार नव्हतं. पोलिसांचं नाव काढलं असतं तर सगळे नातेवाइकांकडे पसार झाले असते. मग मला सुचलं ते सांगायला आज लाज वाटते आणि थोडा अभिमानही. माणूस पोलिसांना चुकवतो, पण सत्काराला चुकवत नाही. आमच्या विभागात निवृत्तीच्या कार्यक्रमांतून उरलेल्या शाली पडून होत्या. मी फलक छापला: 'महाशिबिराचे शिल्पकार: कृतज्ञता सोहळा'. खाली गजूभाऊ आणि त्याचे पाच कार्यकर्ते यांचे फोटो. त्या दिवशी त्या खोलीत हे सहाच होते, असं सगळे सांगत होते.

सहाच्या सहा आले. इस्त्रीचे सदरे, गळ्यात गमछे. एकाची बायको आरतीचं ताट घेऊन आली होती. दार लावून मी आधी खरं काय ते सांगितलं. म्हटलं, जुन्या कागदांबद्दल कुणाला एक शब्द विचारणार नाही. ज्याचा गाल असेल त्याला मी घरून नेईन आणि घरी आणून सोडेन. अर्ज वाचा, पटलं तरच सही करा. ते एकमेकांकडे बघत राहिले. मग शालींकडे बघितलं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि शाली पांघरून घेतल्या.

एकेकाला चूळ भरायला लावली आणि गाल घासले. पहिल्याची काडी बाहेर आली ती विटकरी. दुसऱ्याची तशीच. तिसऱ्यानं दोनदा चूळ भरली तरी काडीला सुपारीचा कण. सहावी काडी गजूभाऊची, ती तर शेंदूर लावल्यासारखी. सहा काड्या समोर ओळीनं ठेवल्या आणि मी खुर्चीत बसले.

त्या दिवसाचे निम्मे नमुने खर्ऱ्यानं नापास झाले होते. आणि माझे सात? सातही पहिल्या फटक्यात पास. सातही स्वच्छ. या सहा तोंडांतून तसा एकही बोळा निघणं शक्य नव्हतं. दीड महिना मी गावभर शोधत होते, आणि उत्तर माझ्याच कपाटात, त्या नापास यादीत पडलं होतं.

"गजूभाऊ," मी विचारलं, "त्या दिवशी शाळेत खर्रा न खाणारं कोण होतं?"

मग एक जण अंगावरची शाल चाचपत म्हणाला, "कांताबाई होती ना."

"कोण कांताबाई?"

"शाळेचा भात शिजवते थे. सैपाक करून राह्यली होती त्या दिवशी."

गजूभाऊनं मान खाली घातली. "आमच्या तोंडात सगळ्याईच्या खर्रा. काड्या खराब होऊन राह्यल्या होत्या. म्हनून तिले बोलावलं."

"मग सांगितलं का नाहीत? मी दोनदा विचारलं तुम्हाला!"

"तुमी इचारलं, कोन्या कार्यकर्त्याचा हाय. थे कुठं कार्यकर्ती हाय?" आणि खरंच न कळून त्यानं पुढे म्हटलं, "तिचं नाव काऊन घेऊ मॅडम? तिचं तं अर्जात बी नाव नाई."

ते खरंच होतं. ज्या सात जणांनी गाल घासला नाही त्यांची नावं यादीत, प्रमाणपत्रं त्यांच्या घरी, मेलेल्यांचीसुद्धा. जिनं सात वेळा घासला तिला टी-शर्टही नव्हता. मला गजूभाऊच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. तेवढ्यात मला ती ओसरी आठवली. पानगे गरम होते, भाजी झणझणीत होती, आणि दुसऱ्यांदा भाजी घेताना एक हात माझ्या पत्रावळीवर आला होता. हिरव्या बांगड्या नव्हत्या हातात, एवढं आठवत होतं. चेहरा आठवत नव्हता, कारण मी वर बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझ्या तर पानात वाढला होता.

कांताबाई शाळेमागच्या खोलीत मोठं पातेलं घासत होती. चाळिशीची, विधवा, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. मी सगळं सांगितलं. ती पातेलं घासतच ऐकत होती.

"मले वाटलं कोरोनाची तपासनी असन," ती म्हणाली. "गजूभाऊ म्हने, तोंड उघड. उघडलं. म्हने आनखी एक डाव. म्या म्हटलं, भाजी लागून राह्यली भाऊ. तं म्हने होऊन राह्यलं, होऊन राह्यलं. सात डाव उघडलं."

मी इंजेक्शनांबद्दल सांगितलं, यंत्राबद्दल सांगितलं, ते नागपूरला आहे, तिथे चार-पाच दिवस राहावं लागेल हे सांगितलं. नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे हेही सांगितलं. दोन महिन्यांतले पंधरा दिवस उरले होते.

तिनं पातेलं पालथं घातलं. "लेकरू केवढं हाय?"

"आठ वर्षांचं."

"तिसरीतलं म्हना." मग बराच वेळ ती पदराला हात पुसत राहिली. "मॅडम, एक इचारू का? या शाळेत चार घरची लेकरं डब्बा घेऊन येते. माया हातचं खात नाई. म्हंजे खातेत, लपून, पन घरी सांगत नाई." ती अजिबात चिडलेली नव्हती, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलत होती. "तं त्या लेकराच्या घरच्याईले चालन का मायं?"

माझ्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली, ओढणी नीट करणारी. खरं सांगितलं तर ही बाई उठून जाईल, आणि गेली तर तिला कोण दोष देईल? खोटं सांगावं तर माझी जीभ उचलेना.

"त्यांना विचारायचं नसतं," मी म्हटलं. "नियम आहे."

कांताबाईनं माझ्याकडे नीट बघितलं. तिला कळलं, हे मला कळलं.

"म्हंजे चालनार नाई," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पन लेकरू तं लपून खाईन ना." तिनं सही करायला पेन मागितलं. "मी गेल्यावर इथल्या लेकरायचा भात कोन शिजवन थे मात्र पाहून घ्या."

ते मी पाहिलं. शाळा समितीच्या अध्यक्षांना बोलावून सांगितलं की आठ दिवस भात तुमच्या घरून येईल, नाहीतर ते सात अर्ज घेऊन मी तुमच्या भाऊंच्या पुढच्या वाढदिवसाला येईन. गजूभाऊच्या बायकोनं आठ दिवस दोनशे मुलांचा भात शिजवला. मुलांनी तक्रार केली की कच्चा राहतो.

नागपूरला कांताबाई यंत्राला दोन्ही हात जोडून पाच तास पडून होती. इंजेक्शनांनी अंग ठणकत होतं, पण कण्हली नाही. फक्त एकदा म्हणाली, "एवढ्या येळात तं माया दोन शाळेचा सैपाक झाला असता." पेशींची ती लालसर पिशवी हातात आली तेव्हा मी तिथेच रडले. एरवी मी कामावर रडत नसे.

मृणालीचं सोपं गेलं नाही. तोंड आलं, ताप चढला, बावीस दिवस तिला काचेमागे ठेवलं. मग एका सकाळी पांढऱ्या पेशी वाढू लागल्या. पुढे तिचा रक्तगटसुद्धा बदलून दात्याचा झाला. हे असंच होतं, पण आजीला ते मोठं नवल.

"आता ही कोनाची म्हनाची?" आजीनं विचारलं.

"तुमचीच."

"तसं नाई. इचारून राह्यली आपली."

मी वरिष्ठांना पत्र लिहून सात नावं यादीतून काढली आणि एक घातलं. स्वतःची चूकही लिहिली. उत्तरात चुकीबद्दल अवाक्षर नव्हतं; जिल्ह्याची दातासंख्या सहानं घटल्याबद्दल मात्र खुलासा मागवला होता. पुढच्या वाढदिवशी गावात नवा फलक लागला: '१०१ जीवनदाते, एक जीवदान'. फोटो भाऊंचा आणि गजूभाऊचा. माझ्या इतर शिबिरांतली पाकिटं मी नंतर एकेक करून तपासायला घेतली. निवृत्त झाले तेव्हा ती संपलेली नव्हती. कधीकधी अजून जेवताना घास अडतो.

वर्ष झालं तसं नियमाप्रमाणे दोघींना विचारलं, भेटायचंय का. दोघी हो म्हणाल्या. भेट माझ्याच खोलीत, त्याच एका टेबलापाशी. मृणाली आली ती डोक्यावर चार बोटं केस घेऊन, ओढणीशिवाय. बरोबर आजी. कांताबाई आली ती स्टीलचा डबा घेऊन. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणाली.

आजीनं तिला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग राहवलं नाही. "बाई, आडनाव काय म्हनलं तुमचं?"

कांताबाईनं आडनाव सांगितलं. सरळ, आवाज न चढवता न उतरवता.

आजी टेबलाकडे बघत होती. मी मनातल्या मनात त्या म्हातारीला शिव्या मोजत होते. कांताबाईनं डबा उघडला. आत पानगे आणि वांग्याची भाजी. तिनं एक घास मोडला, भाजीला लावला आणि मृणालीपुढे धरला.

"तोंड उघड."

मृणालीनं आजीकडे बघितलंसुद्धा नाही. आ केला, घास घेतला, आणि भरल्या तोंडानं म्हणाली, "तिखट हाय. पन मस्त हाय."

कांताबाईचा हात डब्यावर तसाच थांबला होता. तिनं पुढे काही केलं नाही. पुढचं तिच्या हातात नव्हतंच. नात चावत होती, आजी बघत होती.

"वर्षभर त्याच रक्तानं हिंडून राह्यली पोट्टी," आजी शेवटी पुटपुटली. "आता मी काय तोंड शिवून बसू?" आणि डोळे गच्च मिटून, देवीची लस घेणाऱ्या पोरासारखं, तिनं तोंड उघडलं.

कांताबाईनं घास भरवला. मग तिनं माझ्या बाजूला झाकणात भाजी वाढली. मी आधी तिच्याकडे बघितलं, आणि मग जेवले.